तीन नंबरची तुळई

क्विंटन्स फार्म, वॉडलिंग, सफोक
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय अमोस,

तुझं नाताळचं कार्ड जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात पोचलं. त्यावर बर्फात बसलेली गाय आहे. तिकडे गाई खरंच बर्फात बसतात, की चित्रकारानं जन्मात गाय पाहिली नव्हती, ते कळव.

आता कामाचं. मंगळवारी काउन्सिलचा माणूस आला होता. उत्तरेच्या भिंतीला वळचणीपासून ओळंबा सोडला, खाली मोजपट्टी धरली आणि तोंड एवढंसं केलं. भिंतीचा माथा पायापेक्षा अकरा इंच बाहेर आलाय. मला म्हणाला, "मिस गॅरड, तुम्ही या भिंतीखाली झोपता?" मी म्हटलं, "भिंतीखाली नाही झोपत, भिंतीशेजारी झोपते. मधे कपाट आहे." त्याला हसू आलं नाही. शुक्रवारी नोटीस आली. सप्टेंबर संपायच्या आत घर सरळ आणि पक्कं करून दाखवायचं, नाहीतर ते येऊन पाडणार. मला तळ्यापलीकडे काउन्सिलचा एक बंगला देतील म्हणे. दोन खोल्या, सिमेंटच्या भिंती, लोखंडी खिडक्या.

मी एकसष्ट वर्षांची आहे. याच घरात जन्मले, आई इथेच गेली, वडील इथेच गेले. जमीन शेजाऱ्याला कसायला दिली, मला कोंबड्या आणि सफरचंदांची बाग पुरे. पण घर जाणार म्हटल्यापासून घास नीट उतरत नाही, हे तुला सांगते. इथे कुणाला सांगणार नाही.

दोष कुणाचा ते आपल्याला ठाऊकच आहे. लेनर्ड पास्कनं सत्तावीस सालच्या ऑक्टोबरात मळणीचं वाफेचं इंजिन त्या भिंतीला लागून उभं केलं, चार दिवस घर थरथरत होतं, आणि पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावर भेग पडली. वडिलांनी त्याला अंगणातच सुनावलं आणि इस्टरला ठरलेलं आमचं लग्न तिथेच संपलं. तो अजून तळ्याकाठी राहतो. लग्न केलं नाही. रविवारी चर्चच्या दारात तो मान हलवतो, मीही हलवते. तेहेतीस वर्षांत एवढंच.

तू माझा भाऊ आहेस आणि सुतार आहेस. काय करू ते सांग.

थर्झा

*

ओंटारियो, कॅनडा
२६ फेब्रुवारी १९६१

प्रिय थर्झा,

गाय ही चित्रकाराची चूक आहे. आमच्या गाई गोठ्यात असतात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझं मत विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. बंगला घे. तुझ्या वयाला जिने चढणं-उतरणं, थंडीत चुलीला लाकडं घालणं, छतातून गळणारं पाणी भांड्यांत धरणं, हे सगळं कशाला? बंगल्यात नळाला गरम पाणी असेल. इथे मी सहा आठवड्यांत एक घर उभं करतो. पातळ फळ्या, भरपूर खिळे, वर रंग. लोक त्यात मजेत राहतात आणि कंटाळा आला की विकून दुसरीकडे जातात. घराला एवढं चिकटून राहायची सवय फक्त आपल्याकडे.

जुनं लाकूड उकलायला घेतलं की एकातून दुसरं निघत जातं. तिथे कुणाला उगाच भिंती उकरू देऊ नकोस. खर्च होईल, मनस्ताप होईल आणि शेवटी पाडायचं ते पाडावंच लागेल. माझं ऐक.

माझे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

अमोस

*

क्विंटन्स फार्म
२० मार्च १९६१

प्रिय अमोस,

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते चुलीत घातलं नाही, कारण उत्तर देताना समोर हवं होतं. सल्ला मागितला घर वाचवायचा आणि तू मला नळाचं गरम पाणी दाखवतोस? वडिलांनी तुला शिकायला म्हाताऱ्या हरेल सुताराकडे पाच वर्षं ठेवलं ते काय खिळे ठोकायला?

असो. तुझ्यावाचून माझं अडलेलं नाही. जुन्या घरांची काळजी वाहणारी एक संस्था आहे, त्यांना मी लिहिलं. त्यांनी मिस एबेज म्हणून एक मुलगी पाठवली. तिशीची असेल, पायांत पुरुषी बूट, खिशात टॉर्च. आली, चहा नको म्हणाली आणि सरळ माळ्यावर चढली. दोन तासांनी उतरली तेव्हा केसांत कोळिष्टकं आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू वर कुणी तिला मागणी घातली.

म्हणाली, "मिस गॅरड, हे घर पावणेचारशे वर्षांचं आहे. आधी सुतारांच्या आवारात जमिनीवर आडवं जोडलं, प्रत्येक लाकडाला खूण केली, मग सगळं सोडवून गाडीवरून इथे आणून उभं केलं."

मी म्हटलं, "म्हणजे आमचं घर विकत आणलेलं कपाट आहे म्हणा."

"बरोबर तेच!" म्हणाली आणि मग बसून दोन कप चहा प्यायली. मला ती आवडली.

तिनं मला खुणा दाखवल्या. अमोस, मी त्या लाकडांखाली साठ वर्षं वावरले आणि कधी मान वर करून पाहिलं नाही! पटाशीनं ओढलेल्या रेघा. एक रेघ, दोन रेघा, अशा. घराच्या रुंदीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड तुळया आहेत, त्यांवर ओळीनं आकडे. पूर्वेच्या टोकाला एक, मग दोन. पश्चिमेच्या टोकाला चार. तिसरी तिला सापडेना. ती असणार आमच्या खोलीच्या आणि आईच्या खोलीच्या मधल्या भिंतीत, पण तिथे आईनं स्वतःच्या हातानं चिकटवलेला गुलाबकळ्यांचा कागद आहे. तो फाडून बघू का विचारलं. मी म्हटलं, "मुळीच नाही. त्या काळच्या लोकांना मोजता येत नसेल." ती म्हणाली, "त्यांना मोजता येत होतं." जरा जोरातच म्हणाली.

मग विचारलं, घरात कधी काही बदल केलेत का. मी म्हटलं, बाई, आम्ही पडदेसुद्धा बदलत नाही. फक्त माझ्या भावानं आईच्या खोलीचं ठेंगणं दार उंच करून दिलं होतं, तेवढंच. ते तिनं वहीत लिहून घेतलं.

गुडरम गवंडी काम घेतोय. जॅक लावून उत्तरेची भिंत खालून उचलायची आणि सरळ करायची, असा त्याचा बेत आहे. मेच्या पंधरा तारखेला सुरुवात.

थर्झा

*

ओंटारियो
२ एप्रिल १९६१

प्रिय थर्झा,

रागावू नकोस. मी आपलं तुझ्या भल्यासाठी लिहिलं होतं.

घर ठेवायचंच असेल तर ठेव. पण एक गोष्ट कर. गुडरमनं जॅकला हात लावायच्या आधी आईच्या दारावरचा कागद काढ आणि मागचं पलिस्तर उकरायला लाव. दाराच्या दोन्ही अंगांना हातभर. मिस एबेजला ते बघू दे. तिला समजेल. कारण विचारू नकोस, सुताराचं मत समज.

आणि ते झाल्याशिवाय भिंत उचलायची नाही. हे त्याला बजावून सांग.

अमोस

*

क्विंटन्स फार्म
२१ एप्रिल १९६१

प्रिय अमोस,

आधी म्हणालास भिंती उकरू नको, आता म्हणतोस उकर. तिकडे थंडीनं डोक्यावर परिणाम होतो का?

आईचा कागद मी फाडणार नाही. एकोणतीस सालच्या वसंतात ती दोन दिवस शिडीवर उभी होती, दुखऱ्या हातानं, आणि शेवटची कळी दाराच्या कोपऱ्यात नीट जुळली तेव्हा खाली येऊन रडली. तू तेव्हा कॅनडात होतास. तुला काय माहीत त्या कागदाचं.

गुडरमला तुझं म्हणणं सांगितलं. म्हणाला, "मिस गॅरड, वाकलेली भिंत उचलायची म्हणजे उचलायची. तुमचे भाऊ कॅनडात काय बांधतात? कोंबड्यांची खुराडी?" मला राग आला, पण तुझ्या पातळ फळ्या आणि खिळे आठवले आणि मी विषय बदलला.

मिस एबेज दुसऱ्या एका घरासाठी केंटला गेली आहे. जूनमध्ये येईल. तोवर थांबायला गुडरम तयार नाही, त्याला पुढे दुसरं काम आहे.

एक गंमत सांगते. परवा लेनर्ड पास्कनं निरोप पाठवला. त्याच्या शेडमध्ये इंजिनाचे दोन मोठे स्क्रू-जॅक पडून आहेत, दहा-दहा टन उचलणारे, हवे तर घेऊन जा. मी निरोप उलटा पाठवला की आभारी आहे, नको. ज्याच्या इंजिनानं घर मोडलं त्याच्याच जॅकनं ते उचलायचं? वडील थडग्यात उठून बसतील. तरी निरोप पाठवल्यावर मी उगाचच दुपारभर बागेत फिरत राहिले. या वयात असं का व्हावं, कोण जाणे.

पंधरा तारखेला काम सुरू. मी खालच्या खोलीत झोपायला जाणार नाही, गुडरम म्हणतो वर राहिलात तरी चालेल.

थर्झा

*

तार
ओंटारियोहून, २९ एप्रिल १९६१

जॅक लावू नका. वर झोपू नकोस. पत्र येतंय. अमोस

*

ओंटारियो
२९ एप्रिल १९६१

थर्झा,

हे पत्र मी मनातल्या मनात इतक्यांदा लिहिलंय की आता पाठ असायला हवं होतं. तसं नाही.

लेनर्डच्या इंजिनानं घर मोडलं नाही. मी मोडलं.

सत्तावीस सालच्या एप्रिलात आई त्या ठेंगण्या दारात कपाळ आपटून पडली आणि उकळत्या पाण्याचा जग तिच्या हातावर सांडला. तू तेव्हा इप्सविचला नोकरीत होतीस. आई उंच होती. त्या दारानं तिला आयुष्यभर वाकायला लावलं. मी एकोणीस वर्षांचा, हरेलकडची पाच वर्षं नुकतीच संपलेली, हातात स्वतःची करवत. म्हटलं, आई, तुला दार उंच करून देतो.

दाराच्या वरचं लाकूड म्हणजे चौकटीची पट्टी, असं आपल्याला सगळ्यांना वाटायचं. पलिस्तर काढल्यावर दिसलं की ती पट्टी नव्हतीच. घराच्या दक्षिण भिंतीपासून उत्तर भिंतीपर्यंत गेलेला सलग ओक होता तो. फूटभर जाड. दोन्ही भिंतींचे माथे त्यानं धरून ठेवलेले. त्यावर तीन रेघा कोरलेल्या होत्या. मी त्यांवरून बोट फिरवलं, मला आठवतंय.

तेव्हा थांबायला हवं होतं. पण आई मागे उभी होती, हाताला पट्टी, आणि सारखी विचारत होती, "झालं का रे?" मी विचार केला, एवढ्या लाकडांतलं एक गेलं तर काय बिघडतं. मी ती तुळई दोन ठिकाणी कापली आणि मधला तुकडा काढला. दीड दिवस लागला. कापलेली टोकं पाइनच्या फळ्यांनी झाकली, वर पलिस्तर केलं. आई त्या दारातून ताठ मानेनं चार वेळा गेली आणि आली. वडील म्हणाले, गॅरडांच्या घरात पहिल्यांदाच कुणी वरच्या मजल्यावर न वाकता चालतंय.

सप्टेंबरात मी हरेलला सहज सांगितलं. त्यानं रंधा खाली ठेवला. म्हणाला, "पोरा, पेंढीला बंध कशाला घालतात?" मी म्हटलं, "सुटू नये म्हणून." "मग तू घराचा बंध कापून आलायस. छताचं वजन भिंतींना बाहेर ढकलतंय, आता धरायला कुणी नाही. बापाला आजच्या आज सांग." मी म्हटलं, सुगी झाली की सांगतो.

सुगी झाली आणि लेनर्ड इंजिन घेऊन आला. पुढचं तुला माहीत आहे. वडील अंगणात ओरडत होते, "तुझ्या धुराड्यानं माझं घर खिळखिळं केलं!" लेनर्ड टोपी हातात धरून उभा होता, एक शब्द बोलत नव्हता. मी कोठाराच्या दाराआड होतो. मला वाटलं तो आता काहीतरी बोलेल आणि भांडण मिटेल. तू संध्याकाळच्या बसनं आलीस तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तू मला विचारलंस, "अमोस, खरंच इंजिनानं झालं?" आणि मी म्हणालो, "वडील म्हणतात तसंच असणार."

मार्चमध्ये मी निघून आलो. वडिलांनीच तिकीट काढून दिलं. लोकांना सांगितलं की मला जग बघायचंय. मला काही बघायचं नव्हतं. तो दरवाजा मला रोज बघायला नको होता, एवढंच.

घर पाडा असं लिहिलं ते याचसाठी. पडलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

आता नीट ऐक. आधी वरून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत साखळी टाकून माथे आत ओढायचे, रोज अर्धा इंच, त्याहून जास्त नाही. मग खालून उचलायचं. गुडरमनं नुसती खालून उचलली तर भिंतीचा माथा बाहेर जाईल आणि छत तुझ्या पलंगावर येईल. लेनर्डचे जॅक घे. दहा टनांचेच लागतील.

क्षमा मागायला तोंड नाही. पण मागतो.

अमोस

*

क्विंटन्स फार्म
१२ मे १९६१

अमोस,

तार मिळाली. पत्र मिळालं.

मी स्वतः आईचा कागद काढला. एका कोपऱ्यातून सुरू केला आणि सलग काढला, फाडला नाही. गुडरमनं पलिस्तर उकरलं. तुळईची कापलेली दोन्ही टोकं दिसली तेव्हा तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "सोमवारी माझा जीव गेला असता, तुमच्या भावानं वाचवला. तुमचाही." कॅनडातल्या खुराड्यांचा विषय काढला नाही.

मी खाली स्वयंपाकघरात झोपते.

तू जे मला लिहिलंस तेच सगळं लेनर्ड पास्कला लिही. तुझ्या तोंडचं मी त्याच्याकडे पोचवणार नाही. पत्ता: तळ्याकाठचं घर, वॉडलिंग. दुसरा पास्क गावात नाही.

थर्झा

*

ओंटारियो
१ जून १९६१

प्रिय थर्झा,

लेनर्डला पत्र टाकलं. सात वेळा लिहिलं आणि सहा वेळा फाडलं. शेवटी तुझ्यासारखंच सुरू केलं, प्रिय-बिय काही न लिहिता, सरळ कामाचं.

तू मला स्वतःबद्दल काहीच लिहिलं नाहीस. शिव्या तरी द्यायच्या होत्यास. तुझ्या शिव्या मला कळतात. हे गप्प बसणं कळत नाही.

साखळी टाकली का? किती इंच आली? मला रोज पहाटे जाग येते आणि मी इंच मोजत पडतो.

माफ केलंस का ते एका ओळीत कळव. नाही म्हणालीस तरी चालेल.

अमोस

*

ओंटारियो
१८ जुलै १९६१

थर्झा,

दीड महिना झाला. पत्र हरवलं असेल म्हणून पुन्हा लिहितोय. तू ठीक आहेस ना, एवढंच कळव.

अमोस

*

क्विंटन्स फार्म
३ सप्टेंबर १९६१

प्रिय अमोस,

मी ठीक आहे. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लिहायला वेळ नव्हता असं नाही, काय लिहायचं ते ठरत नव्हतं.

आधी घराचं, कारण ते सोपं आहे. जूनमध्ये मिस एबेज परत आली. तुझ्या पत्रातला साखळीचा भाग मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "तुमच्या भावाला काम येतं." मी म्हटलं, "उशिरा येतं." लेनर्डचे जॅक आणले, म्हणजे त्यानंच ट्रॅक्टरवरून आणून दिले, मी दारातून आभार मानले आणि तो निघून गेला. गुडरमनं साखळी टाकली. रोज सकाळी अर्धा इंच. घर असं कण्हायचं की कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं! पहिल्या आठवड्यात एक खांब कडाडला, तेव्हा गुडरमचा चेहरा चुन्यासारखा झाला, पण ती नुसती जुनी खुंटी तुटली होती. चौथ्या आठवड्यात ओळंबा दीड इंचावर आला. त्यापुढे ओढायचं नाही म्हणाली मिस एबेज. म्हातारं घर आहे, थोडं वाकून राहू दे.

जुन्या तुळईची टोकं चांगली होती. मधे नवा ओक घातला, तिरपा सांधा करून, ओकच्याच खुंट्या ठोकून. एकही खिळा नाही. आईचं दार पुन्हा ठेंगणं झालंय. माझं टाळकं आतापर्यंत दोनदा आपटलं. काउन्सिलचा माणूस मंगळवारी येऊन मोजून गेला आणि नोटीस मागे घेतली. घर राहिलं.

आता लेनर्डचं.

काम सुरू असताना तो रोज सकाळी यायचा, जॅक तपासायचा, जायचा. तुझ्या पत्राचा उल्लेख नाही. महिनाभर मी वाट पाहिली. म्हटलं, एवढं पत्र वाचून माणूस गप्प कसा बसतो? शेवटच्या दिवशी जॅक सोडवायला आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "लेनर्ड, माझ्या भावाचं पत्र मिळालं ना?"

"मिळालं."

"मग?"

"चांगलं लिहिलंय. त्याला जड गेलं असणार."

"एवढंच? तेहेतीस वर्षं तुझ्या इंजिनावर आळ होता. सुटका झाल्यासारखं वाटलं नाही?"

तो जॅकवरचं ग्रीस पुसत राहिला. मग म्हणाला, "थर्झा, इंजिनानं घर हललं असतं तर पायात हललं असतं. हे माथ्याला, छताखाली हललं होतं. मला भेग पडली त्याच दिवशी दिसलं. वर जाऊन ते नवं दार बघितलं आणि कळलं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

अमोस, त्याला माहीत होतं. वडिलांनाही माहीत होतं. अंगणातल्या भांडणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी लेनर्ड कोठारामागे वडिलांना गाठून म्हणाला की इंजिनानं नाही, दारावरची तुळई कापलीय म्हणून झालं. वडील वर जाऊन आले, फळ्या ठोकून बघितल्या आणि खाली येऊन चिखलात बसले. मग लेनर्डचा हात धरला. म्हणाले, "पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. स्वतःच्या बापाचं घर मोडणारा सुतार म्हणून नाव झालं, तर या जिल्ह्यात त्याला शवपेटी करायलासुद्धा कुणी बोलावणार नाही. तुझं इंजिन आहे, तू दुसऱ्या गावात मळणी करशील. वर्षभर दोष तुझ्यावर राहू दे. पोराला बाहेर पाठवतो, मग सगळं निवळलं की तुमचं लग्न लावून देतो."

"आणि तू हो म्हणालास?"

"हो म्हणालो. तुझा भाऊ होता तो."

"मग वर्षानं काय झालं?"

"वर्षभर तुझे वडील सगळ्या गावाला सांगत राहिले. इतकं सांगितलं की त्यांना स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. दुसऱ्या इस्टरला मी आठवण करून द्यायला आलो, तर त्यांनी माझ्यावर कुत्रा सोडला. थर्झा, ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस. चर्चच्या दारात, रस्त्यात, कुठेही. तो म्हणाला, "मी शब्द दिला होता. आणि मी वाट बघत होतो. वाटायचं, ही एक दिवस येऊन मला विचारेल, लेनर्ड, खरंच इंजिनानं झालं का? विचारलं असतंस तर शब्द मोडला असता. तू कधी विचारलंच नाहीस."

मी तुला विचारलं होतं, आईला विचारलं होतं, वडिलांना विचारलं होतं. ज्याला विचारायला हवं होतं त्याच्याकडे मी फक्त मान हलवत राहिले. ही माझी चूक, ती मी कुणाच्या माथी मारत नाही.

तो जॅक गाडीत घालून निघाला तेव्हा मी त्याला आत बोलावलं. त्यानं आधी बूट काढले. सशाचं मांस आणि कांदा भरून भाजलेली पेस्ट्री होती, ती वाढली. आता तो रविवारी जेवायला येतो. गावात बोलतात, बोलू देत. त्यानं काही विचारलेलं नाही आणि मीही काही सुचवलेलं नाही, एकसष्ट आणि चौसष्ट वर्षांच्या माणसांना कसली घाई.

तू विचारतोस माफ केलं का. तीन महिने मी तेच शोधत होते. करवत चालवलीस त्याबद्दल कधीच माफ केलंय. आईसाठी केलंस आणि ती सात वर्षं ताठ मानेनं चालली. कोठाराच्या दाराआड लपलास त्याबद्दलही जमेल बहुतेक, तू पोरगा होतास. पण मला झोपेत आठवतं ते वेगळंच. वडिलांनी तुझं नाव वाचवायचं ठरवलं, लेनर्डनं ते मान्य केलं, तू गप्प बसायचं ठरवलंस. तिघं बिचारे, तिघं भले, तिघांनी आपापल्या परीनं घर सावरलं. आणि माझ्या लग्नाचा निकाल लावताना मला कुणी बोलावलं नाही. मी काय म्हणेन ते तुम्ही धरूनच चाललात. अमोस, मला विचारलं असतंत तर मी म्हणाले असते, पडू दे ते घर. मी लेनर्डच्या इंजिनावर बसून जाते.

थर्झा